जावयाचा बाप्तिस्मा

आईला साक्ष द्यायला उभं करू नकोस, असं सुदेशने बहिणीला आखातातल्या रुवैसहून निघताना फोनवर सांगितलं होतं, आणि मुसफ्फ्याला तिच्या इमारतीत पोचल्यावर लिफ्टमधून पुन्हा सांगितलं होतं. "ती सुरू झाली की जालन्याच्या मिशन हॉस्पिटलपासून सुरू होते. पाळकसाहेबांना दोन वाजता दुसरीकडे जायचंय." रुपालीने हो म्हटलं होतं. पण उपकारस्तुतीची प्रार्थना संपली आणि बिर्याणीचं झाकण उघडायच्या आत ठकुबाई आपल्याच बळावर खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला खाली बस म्हणेल असं त्या दिवाणखान्यात कोणी नव्हतं.

"सलाम सगळ्यांना," त्या म्हणाल्या.

सोफ्याच्या कोपऱ्यात छातीशी उशी धरून त्यांचा जावई दत्तप्रसाद बसला होता. सहा आठवड्यांपूर्वी तो वर्कशॉपच्या शेडमध्ये वेल्ड तपासता तपासता कोसळला. त्याचा फोरमन उझैर याने त्याला पिकअपमध्ये घालून हॉस्पिटलात नेलं. बायपास झाली, मग चार दिवस श्वासाच्या नळीवर. आता तो घरी आला होता म्हणून हे जेवण. दत्तप्रसाद कशावरच विश्वास ठेवणारा नव्हता. लग्नाआधी तो हिंदू घरातला नास्तिक होता, ख्रिस्ती मुलीशी लग्न केल्यावर सासरीही नास्तिकच राहिला. पण त्याने हरकत घेतली नव्हती. "देवाचे आभार माना," तो रुपालीला म्हणाला होता, "फक्त सर्जनचं नावही कुठेतरी येऊ द्या."

ठकुबाईंच्या साक्षीत सर्जन आला. पण थोडाच.

"तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणला, चोवीस तास काही सांगता येत न्हाई. मग मी आत गेले. नर्सबाई केरळची, गळ्यात क्रूस. मला म्हणली, अम्मा, दोन मिनिट. मी खालच्या मशिनीतली पाण्याची बाटली पदराखाली नेली व्हती. म्हणलं, प्रभू, इथं पाळक न्हाई, मीच हाय, चालवून घे. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. तीनदा पाणी कपाळाला लावलं. जावईबापूंचा बाप्तिस्मा केला. आणि पाचव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. प्रभूची स्तुती असो." त्या बसल्या. "वाढा आता, गार होईल."

कोणी वाढलं नाही. 

पहिली बोलली ती मृणालिनी, दत्तप्रसादची थोरली बहीण. ती दुबईत बँकेच्या कम्प्लायन्समध्ये होती आणि आवाज न चढवता माणसाला घाम फोडण्याचा तिला पगार मिळत असे. "मला एक समजावून सांगा. माझा भाऊ बेशुद्ध असताना तुम्ही त्याला ख्रिश्चन केलंत?"

"बेशुद्ध नव्हते," ठकुबाई म्हणाल्या. "झोपेच्या औषधात व्हते."

"कन्सेंट नावाची काही गोष्ट असते!"

पाळक उजागरे घाईने मधे पडले. वय पस्तीस, आठवड्याचे पाच दिवस कार्गो कंपनीत नोकरी आणि रविवारी मराठी मंडळीची उपासना. या देशात प्रार्थनेला हॉल मिळतो, पण कोणाचा धर्म बदलला अशी ओरड झाली तर तोच हॉल जाऊ शकतो, हे त्यांना झोपेतही आठवत असे. त्यांनी दार नीट लागलंय का ते पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही काळजी करू नका. प्रौढ माणसाचा बाप्तिस्मा त्याच्या स्वतःच्या विश्वासावाचून होत नाही. म्हणजे तसं बघायला गेलं तर तो झालेलाच नाही."

आपण चांगली बातमी दिली असं त्यांना वाटलं. मृणालिनीचे खांदे खरंच जरा सैल झाले. पण ठकुबाईंचा चेहरा उतरला.

"न्हाई झाला?" त्यांनी विचारलं.

"नाही, आजी."

"तीनदा लावलं पाणी."

"पाण्याचा प्रश्न नाही, आजी."

सुदेशला हे ऐकवत नव्हतं. तो मंडळीचा सेक्रेटरी होता. हॉलच्या अर्जावर त्याची सही असे. पण खरी टोचणी वेगळी होती आणि ती त्याने कधी कोणाला सांगितली नव्हती. बारा वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली तेव्हा तो या घरात आठ महिने राहिला होता, दिवाणखान्यातल्या याच सोफ्यावर. रुवैसची नोकरीही दाजींनीच लावून दिली. अशा माणसाला आपण परत काय देणार? देण्यासारखी एकच गोष्ट त्याच्याकडे होती, जी दाजींकडे नव्हती. बारा वर्षं तो दर रविवारी 'तारण न पावलेल्या आमच्या दाजींसाठी' उभा राहून प्रार्थना करत आला होता. आणि आईने ते काम एका बाटलीत उरकून टाकलं, तेही चुकीच्या पद्धतीने.

"आई, तू माफी माग," तो म्हणाला. "दाजींची, पाळकसाहेबांची, मंडळीची. पवित्र संस्कार म्हणजे काय खेळ आहे का?"

"एक मिनिट," दत्तप्रसाद म्हणाला.

 मोठ्याने बोलताना अजून छातीची शिवण ओढत असे, म्हणून त्याने उशी आवळून धरली. "आई, तुम्ही घाईने पाणी घेऊन गेलात. म्हणजे पाणी लावलं नसतं, आणि मी गेलो असतो, तर कुठे गेलो असतो?"

ठकुबाईंनी पदर सारखा केला. पाळकांनी घसा साफ केला. "न्याय करणं हे प्रभूचं काम आहे, दत्तप्रसादजी. आपण माणसांनी..."

"साहेब, मी क्वालिटीत काम करतो. माझ्याकडे वेल्डला तीन शेरे असतात. ॲक्सेप्ट, रिजेक्ट, रिपेअर. मी कशात आहे?"

"रिपेअर," पाळक सुटकेचा श्वास सोडत म्हणाले.

"रिपेअरला मुदत असते, दाजी," सुदेश म्हणाला. म्हटल्यावर त्यालाच ते फार कडक वाटलं, पण शब्द बाहेर पडले होते.

"म्हणजे मुदतीनंतर रिजेक्ट. आणि रिजेक्ट माल आगीत." दत्तप्रसाद हसला, पण नेहमीसारखं नाही. "गंमत आहे. सत्तावीस वर्षं मी तुमच्यात जेवतोय. दर नाताळला मला पहिलं ताट. आणि वाढणाऱ्या प्रत्येकाला माहीत, की हा जळणार आहे. थोडी आणखी करंजी घ्या, जावईबापू." त्याने बायकोकडे मान वळवली. "तुला पण असंच वाटतं?"

रुपालीच्या हातात वाढायचा डाव होता. तिने तोंड उघडलं. सगळे तिच्याकडे बघत होते, आई, भाऊ, नणंद, पाळक, डायनिंग टेबलाशी उभी असलेली तिची सतरा वर्षांची मुग्धा.  तिने डाव बिर्याणीत घातला आणि म्हणाली, "आधी जेवून घ्या सगळे."

दत्तप्रसाद उठला, उशी घेऊन बाल्कनीत गेला आणि त्याने मागे काचेचं दार ओढून घेतलं.

*

स्वयंपाकघरात मृणालिनी रायत्याचं भांडं फ्रिजमध्ये ढकलत होती. रुपालीशी तिचं कधी वाकडं नव्हतं. उलट वीस वर्षांपूर्वी नवऱ्याने सोडलेल्या मृणालिनीला माहेरी सगळ्यांनी टाळलं, तेव्हा पुढे आलेल्या या वहिनीनेच तिला धरून ठेवलं होतं. म्हणून तर तिला जास्त लागलं होतं.

"मी तुझ्या आईला दोष देत नाही," ती म्हणाली. "म्हातारं माणूस आहे. पण तू गप्प का बसलीस? आमच्यात असं नाही हं. आम्ही कोणाला न विचारता कोणाचं काही करत नाही. पटलं तर या, नाही तर राहा तिकडे."

मुग्धा दारात उभी राहून मोबाइल बघत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्या, यू डिड द गंगाजल थिंग."

"काय?"

"इन द आयसीयू. ऑन हिज लिप्स, विथ कॉटन. अँड तुळशीचं पान अंडर द पिलो. आय हेल्ड द लोटी. डॅडने कधी साइन केलं?"

मृणालिनीने फ्रिजचं दार लावलं. ते नीट लागलं नाही, तिने पुन्हा लावलं. गंगाजलाची ती तांब्याची सीलबंद लोटी तिने सात वर्षं जपली होती, स्वतःसाठी. डॉक्टर चोवीस तास म्हणाले तेव्हा ती गाडी काढून दुबईला घरी जाऊन घेऊन आली होती. ते बाप्तिस्म्याच्या आधी होतं की नंतर, हेसुद्धा तिला आता आठवेना.

"ते वेगळं," ती म्हणाली.

"हाउ?"

 बँकेत तिने पुष्कळ लोकांना या जागी उभं केलं होतं, आणि आता बघितलं तर ही जागा फार अरुंद होती. ती स्टुलावर बसली. "मला वाटलं तो जातोय गं," ती रुपालीला म्हणाली. "जे हाताशी होतं ते लावलं."

"आईने पण तेच केलं," रुपाली म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या असत्या, पण मृणालिनीला रडूच आलं, आणि रुपालीने तिच्या पाठीवर ठेवलेल्या हातात अजून डाव होता.

*

बाल्कनीचं काचेचं दार ठकुबाईंना ओढता येईना. दत्तप्रसादने बाहेरून त्यांची धडपड पाहिली, थोडा वेळ पाहू दिली, मग उठून उघडलं. खाली इमारतीच्या पार्किंगमध्ये गाड्यांची छपरं तापून चमकत होती. त्या दुसऱ्या खुर्चीवर टेकल्या.

"रागावलात."

"हो."

"पाण्यावर?"

"पाण्यावर नाही. विचारलं नाहीत त्यावर. उझैरने मला पिकअपमध्ये घातलं तेव्हा मी अर्धा शुद्धीत होतो. तो म्हणाला, सर, दुआ पढूँ? मी म्हटलं, पढो. आई, तुम्ही मला मुलासारखं म्हणता. विचारलं फक्त त्याने."

"मी विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणला असता?"

"नको म्हटलं असतं."

"म्हणून न्हाई विचारलं."

 दत्तप्रसाद खाली बघत राहिला. मग ठकुबाई बोलू लागल्या, आणि त्या जालन्याच्या मिशन हॉस्पिटलपासूनच सुरू झाल्या.

त्या तिथे आया होत्या. बाप्तिस्मा त्यांनी एकटीने घेतला, दोन पोरं झाल्यावर. नवरा तुकाराम गवंडी. त्याने नाही घेतला. मिशनच्या देवळाची घंटेची कमान त्याच्या हातची, पण कमानीच्या आत तो गेला तो थापी घेऊनच. रविवारी बायकोपोरांना दारापर्यंत सोडायचा आणि बाहेर विडी ओढत थांबायचा. पुढे त्याला कावीळ झाली. पाळकाला निरोप गेला. पाळक अंबडला होते, एस.टी.ने निघाले.

"मी उशाशी बसले व्हते. माठ भरलेला, पेला हातात. ते शुद्धीवर व्हते. मी म्हणलं, अहो, घेता का? ते म्हणले, तुला बरं वाटत असंल तर घे उरकून." ठकुबाई थांबल्या. "पण आम्हाला शिकवलं व्हतं, बाईमाणसानं ते करायचं नसतं. म्हणून मी पाळकाची वाट बघत बसले. गाडी वाटेतच पंक्चर झाली. पाळक आले तेव्हा त्यांना आंघोळ घालून झाली व्हती."

दत्तप्रसादने उशी मांडीवर घेतली.

"रुपालीने हे कधी सांगितलं नाही," दत्तप्रसाद म्हणाला.

"तिला कुठं माहिती. ती तेव्हा शाळेत व्हती. कोणालाच न्हाई सांगितलं. काय सांगायचं? पेला हातात व्हता म्हणून?"

"तुम्हाला काय वाटतं, ते कुठे असतील?"

"एक्केचाळीस वर्षं झाली. कितीक पाळकांना विचारलं. एक म्हणला, दुःख आहे पण शास्त्र स्पष्ट आहे. एक म्हणला, देवाची दया मोठी. त्या दोघांचं एकमेकांत जमत नव्हतं." त्यांनी जावयाकडे पाहिलं. "आता वर गेल्यावर त्यालाच विचारीन. पहिलं तेच."

"आणि उत्तर बरं आलं नाही तर?"

"तर मी कशाला आत जाऊ? दारात बसंल. घंटेची कमान असंलच तिथं बी."

दत्तप्रसादला हसू आलं आणि हसल्याबरोबर शिवण ओढली, त्याने उशी दाबली. ठकुबाईंनी तोंडाने च् च् केलं आणि त्याचा दंड धरला.

"न विचारता केलं, त्याची माफी मागते," त्या म्हणाल्या. "पण पाणी काही परत घेणार न्हाई. झाला नसंल बाप्तिस्मा तर न्हाई. मी माझ्या हातानं केला."

"असू दे," तो म्हणाला. "वाळलं ते."

*

दिवाणखान्यात त्याने ते सगळ्यांना सांगितलं. आईंनी माफी मागितली, मी माफ केलं, विषय संपला, खलास, बिर्याणी गरम करा. पाळक उजागऱ्यांनी डोळे मिटून धन्यवाद म्हटलं. मृणालिनीने ठकुबाईंसमोर ताट ठेवलं, आणि नजरेला नजर न देता त्यात लिंबाची फोड वाढली.

सुदेशला मात्र ते पचेना. "दाजी, तुमचा मोठेपणा आहे. पण तुम्ही माफ करून हे मिटत नाही. तिने चूक कबूलच केलेली नाही. पाणी परत घेणार नाही म्हणते."

"तुमच्यात माफ करायलाही विश्वासी असावं लागतं का?"

"तसं नाही..."

"मग तू कर ना. तू विश्वासी आहेस. तुझी आई आहे."

सुदेशने ताटाकडे पाहिलं. सगळे थांबले होते, आणि त्या क्षणी तो एक शब्द बोलला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो सेक्रेटरी होता. "उद्या प्रभुभोजन आहे," तो म्हणाला. "पश्चात्ताप केल्याशिवाय तिने प्रभूची भाकर आणि द्राक्षरस घेऊ नये. नियम आईला एक आणि बाकीच्यांना एक, असं मला करता येणार नाही. पाळकसाहेब, तुम्ही सांगा."

पाळकांना दोन वाजता दुसरीकडे जायचं होतं. "एक रविवार," ते म्हणाले. "फक्त एक रविवार थांबा, आजी."

"थांबते की," ठकुबाई म्हणाल्या आणि जेवू लागल्या.

*

रविवारी सकाळी चर्चच्या आवारात चार भाषांतल्या चार सभा एकाच वेळी चालू होत्या. मराठी मंडळीला वरच्या मजल्यावरचा लहान हॉल होता. दत्तप्रसाद गाडीतून उतरला तेव्हा जिन्यापाशी एकदम गलका झाला. सत्तावीस वर्षांत कधी न आलेला माणूस आला होता. दोघांनी त्याला शिवणीचा विचार न करता मिठी मारली. एक बाई रडल्याच. "प्रभूने उत्तर दिलं," त्या म्हणाल्या.

"मी बाहेर बसायला आलोय," दत्तप्रसादने त्यांना सांगितलं. "सासूबाईंना सोबत."

बाई रडायच्या थांबल्या. सुदेश हातात गीतांची पुस्तकं घेऊन जिन्यात उभा होता. त्याने ते ऐकलं आणि तो वर गेला.

पत्र्याच्या शेडखाली एक लोखंडी बाक होता. दोघं तिथे बसले. वरून मराठी गीत येत होतं, शेजारून मल्याळी, मधेच फिलिपिनो लोकांचा ड्रम. ठकुबाई ओठांनी आपलं गीत गात होत्या, पण ड्रममुळे त्यांचा ताल सुटत होता. मग गीत थांबलं. "आता भाकर," त्या म्हणाल्या.

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय," त्या म्हणाल्या. "पेला पोराच्याच हातनं घ्यायचे मी."

जिन्यावर चपला वाजल्या. रुपाली एकटीच खाली येत होती, डोक्यावरचा पदर तसाच. ती बाकापर्यंत आली आणि नवऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसली. हात मांडीवर रिकामे.

"घेतलीस?" आईने विचारलं.

"नाही. लाइनीतून निघाले. सुदेश ट्रे धरून उभा होता. ट्रेतले पेले वाजतायत, आई."  मग तिने दत्तप्रसादकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"काल मला बोलता आलं नाही. मी तुझ्यासाठी कधी प्रार्थना केलेली नाही, दत्ता. तारणाची. सत्तावीस वर्षांत एकदाही नाही. सुदेश करायचा, आई करायची, सगळे डोळे मिटायचे, मी मुद्दाम उघडे ठेवायचे. केली असती तर तुला त्याची गरज आहे असं मी कबूल केल्यासारखं झालं असतं."

दत्तप्रसादने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मग आयसीयूबाहेर इतका वेळ हात जोडून काय करत होतीस? ताई म्हणाली, तुझे ओठ हलायचे थांबत नव्हते."

"शिव्या देत होते."

"कोणाला?"

रुपालीने नुसतं बोट वर केलं. "येतात तेवढ्या सगळ्या. मराठीतल्या संपल्यावर हिंदीतल्या."

 ठकुबाई पुढे वाकल्या, जावयाच्या पलीकडे बसलेल्या लेकीकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं, आणि पुन्हा बाकाला पाठ टेकली.

"मग त्याच ऐकल्या असतील त्यानं," त्या म्हणाल्या.